बिनकेसांच्या मांजराचा कोट

मी शिंपी आहे. चांगला शिंपी आहे, आणि हे माझं मीच सांगतो, कारण दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत बसलो तर म्हातारा होईन. पस्तीस वर्षं लोकांची मापं घेतोय. गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेप काढायच्या आधीच मला त्याची कंबर कळते, कुठला खांदा उतरता आहे ते कळतं, आणि पोट आत ओढून धरलंय का तेही कळतं. या नजरेची मी आयुष्यभर इतकी शेखी मिरवली आहे, की आता जे सांगणार आहे ते सांगताना समोर आरसा नसलेला बरा. दुकानात तीन आहेत.

झालं असं, की आमच्या घरातलं मांजर माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच टेपखाली, मरणाला टेकलं होतं आणि मी मात्र त्याचा कोट अंगावर छान बसतोय म्हणून खूश होतो.

मांजर माझं नाही, ताईचं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. खाली रस्त्यावर माझं दुकान आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. लग्न दोघांचंही राहिलं. तिचं राहिलं ते मी हाताशी येईपर्यंत ती थांबली म्हणून, आणि माझं राहिलं ते मला कुणी विचारलं नाही म्हणून. तिनं सदतीस वर्षं पोस्टात पत्रं वेगळी करायचं काम केलं. खराब अक्षरातला पत्ता वाचायचा असला की सगळे तिच्याकडे यायचे. स्वतःबद्दल मात्र ती कधी एक ओळ बोलायची नाही. दुखलं-खुपलं तरी विचारल्यावर उत्तर एकच, ‘काही नाही, तू जेव.’

लहानपणापासून तिला एकच हौस, मांजर पाळायची. आणि दुकान थाटल्यापासून तिला ‘नाही’ म्हणायचं काम माझ्याकडे. माझं कारण बिनतोड होतं. काळ्या सुटावर मांजराचा एक पांढरा केस दिसला की ते गिऱ्हाईक गेलं म्हणून समजा, आणि जाताना चार लोकांना सांगून जातं ते वेगळंच. ‘केस नको आहेत मला दुकानात,’ एवढं म्हटलं की ताई गप्प बसायची. तीस वर्षं हे एकच वाक्य मला पुरलं.

निवृत्त झाल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ती एक टोपली घेऊन दुकानात आली. टोपलीवर टॉवेल होता. तिनं तो उचलला आणि म्हणाली, “केस नको होते ना तुला, शहाण्या? घे.”

आत एक मोठा सोललेला बटाटा बसला होता. त्याला वटवाघळासारखे कान होते आणि हिरवे डोळे होते. अंगावर केस औषधालाही नव्हता. कातडीला मानेपासून शेपटीपर्यंत सुरकुत्या. अस्तर मोठं आणि वरचा कपडा लहान कापला की नवशिक्याचं काम जसं दिसतं, अगदी तसं. मी हात लावला तर गरम पाण्याच्या पिशवीसारखं ऊन लागलं. मांजरांची अशीही एक जात असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ताईनं मात्र ती शोधून काढायला सहा महिने घालवले होते.

“हिचं नाव मखमल,” ती म्हणाली.

“मखमलीला निदान लव असते,” मी म्हटलं. एवढंच मला सुचलं. तीस वर्षांचा मुद्दा एका टोपलीत गारद झाला होता.

केस नाहीत म्हणजे घरात काही सांडणार नाही, असा माझा समज. तो आठवडाभर टिकला. इतर मांजरांच्या अंगाचं तेल त्यांच्या केसांत जिरतं. हिला केसच नाहीत, त्यामुळे ती जिथं बसेल तिथं तेलाचा छाप उठतो. पहिला छाप उठला तो एका गायिकाबाईंच्या पांढऱ्या कोटाच्या अस्तरावर. तपकिरी डाग, मांजराच्या आकाराचा, शेपटीसकट. मी ते सगळं अस्तर उसवून नवीन घातलं आणि बाईंना सांगितलं की उशीर माझ्या पाठदुखीमुळे झाला.

त्यावर उपाय एकच, दर रविवारी आंघोळ. ताईच्या मनगटात जोर नाही, म्हणून घरात मांजर नको म्हणणारा मीच बाह्या वर सारून तिला टबात धरून बसायला लागलो. कानातला काळा मळ काढायचा, नखांच्या मुळाशी पुसायचं, मग टॉवेलात गुंडाळून चेहरा तेवढा बाहेर ठेवायचा. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक माझा जुना मित्र. त्यानं एका रविवारी मला मांजराच्या कानात कापूस फिरवताना पाहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो मला ‘आयाबाई’ म्हणत होता.

मग थंडी आली. मखमल इस्त्रीच्या टेबलाला चिकटून राहायला लागली. नुकतीच इस्त्री केलेली पॅन्ट खाली ठेवायची सोय उरली नाही. त्याच सुमारास मी ताईसाठी राखाडी लोकरीचा कोट शिवत होतो. कापड उत्तम होतं, आणि तुकडा थोडा उरला होता.

“हिलाही शिव,” ताई म्हणाली.

“मी माणसांचा शिंपी आहे,” मी ताठ आवाजात म्हटलं, आणि दोन दिवसांनी जमिनीवर पालथा पडून मांजराच्या पुढच्या पायाभोवती टेप गुंडाळत होतो.

सांगायला लाज वाटते, पण तसा कोट मी आयुष्यात दुसरा शिवला नाही. चार पाय घालायला चार मुंढे, तेही दोन आकारांचे, पोटाखाली तीन बटणं, शेपटीखाली गोल काप. छाती चौदा इंच. ताईचं माप त्याच रविवारी घेतलं होतं. मापाच्या वहीत डाव्या पानावर ताई आणि उजव्या पानावर मखमल अशी नोंद केली. एकाच कापडाचे दोन कोट घालून त्या दोघी दुकानाच्या काचेआडून रस्ता बघत बसल्या की लोक थांबायचे. मी मशीनवर मान खाली घालून बसायचो, म्हणजे कुणी स्तुती केली तर मला नीट ऐकू यावी.

तीन आठवड्यांनी मखमलचा कोट पोटाखाली लोंबायला लागला. मी टेप लावला. साडेतेरा. मी दोन्ही बाजूंनी पाव पाव इंच आत घेतला. त्याच आठवड्यात ताई कोट घेऊन खाली आली, म्हणाली, “बघ रे जरा, सैल वाटतोय.” कंबरेला एक इंच. तोही आत घेतला.

पुन्हा तीन आठवडे, पुन्हा तेच. मांजर तेरा, ताई आणखी एक इंच.

आता विचार करा. एकाच ताग्यातल्या कापडाचे दोन कोट, दोन्ही एकाच वेळी सैल पडतात. कुठलाही शिंपी याचा जो अर्थ लावील तोच मी लावला. कापड खराब आहे. ओढ लागली की ताणतं आणि परत आपल्या जागी येत नाही. मी वही घेऊन तडक कापडवाल्याकडे गेलो आणि त्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा शांत माणूस. त्यानं ताग्याचा तुकडा पाण्यात बुडवून, वाळवून, ओढून दाखवला. सुतानंही वाढला नाही.

“तुमचं शिवणं एकदा बघा,” तो म्हणाला.

माझं शिवणं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

चष्मेवाल्यानं एकदा विचारलं होतं, “मखमल बारीक झाली का रे?” मी त्याला समजावलं, की कोट आता नेमका बसतो म्हणून तसं वाटतं, चांगल्या शिवणाचा तो गुणच असतो. आंघोळीच्या वेळी तिच्या फासळ्या माझ्याही हाताला लागल्या होत्या. तेव्हा मी मनाशी म्हटलं, अंगावरचे केस भिजले की मांजर बारीक दिसतंच. तिला केसच नाहीत, हे टबात तिच्या उघड्या पाठीवर साबण लावत असतानाही माझ्या डोक्यात आलं नाही.

याच दिवसांत माझ्या पॅन्टी कमरेला घट्ट व्हायला लागल्या. त्या मी दोनदा सोडल्या, आणि धोब्यानं कढत पाण्यात घालून आटवल्या म्हणून त्यालाही दोन शब्द सुनावले. माझ्या डब्यात हल्ली अर्धी कोंबडी, दोन अंडी, पावाचे चार जाड तुकडे असायचे. निवृत्तीनंतर ताईचा हात सढळ झाला, एवढंच मला वाटलं. संध्याकाळी वर गेलो की टेबलावर माझं एकट्याचं ताट मांडलेलं असायचं. “आमचं दोघींचं झालं,” ती म्हणायची, “तू बस.” मी बसायचो. बसून जेवण्यात मी कधी मागे पडलेलो नाही.

चौथ्यांदा कोट आत घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी मखमलनं इस्त्रीच्या टेबलावर उडी मारली आणि ती पोचली नाही. काठाला पंजे लागले, सुटले आणि ती खाली पडली. पडली ती उठेना. मी उचललं तर हातात नुसता कोट आल्यासारखं वाटलं. ताई जिन्यावर उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “तिला काही होऊ देऊ नकोस,” एवढंच ती म्हणाली. स्वतः मात्र आली नाही, कठड्याला धरून पायरीवर बसली. घाबरल्यामुळे बसली असेल, असं मी धरून चाललो.

जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं मखमलचे दात पाहिले, पोट दाबलं, रक्त तपासलं, आणि म्हणाली, “काका, हिला कुठलाही रोग नाही. ही उपाशी आहे.”

“उपाशी? आमच्या घरात?”

“या मांजरांच्या अंगावर केस नसतात, त्यामुळे सगळी ऊब पोटातल्या अन्नातून आणावी लागते. इतर मांजरांच्या दीडपट खाणं लागतं यांना. ही बारीक व्हायला लागली कधीपासून?”

हा प्रश्न मला आवडला. माझ्याकडे उत्तर होतं, तारीखवार. मी वही बरोबर आणलीच होती. कशाला आणली होती ते खरं सांगतो, कोट कसा बसवला ते तिला दाखवायला. मी पान उघडून दिलं. तिनं बोट खाली खाली नेत वाचलं. चौदा, साडेतेरा, तेरा, साडेबारा, बारा.

“आणि प्रत्येक वेळी तुम्ही काय केलंत?”

“कोट आत घेतला,” मी म्हटलं.

तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत मला अनेकांनी नावं ठेवली, पण इतक्या थोडक्यात कुणी नाही.

“खाते काय ही?” तिनं विचारलं.

“ताई जे खाते ते. ताईच्या ताटातलं, तिच्या हातून. दुसऱ्या कुणाकडून घेत नाही.”

“मग तुमच्या ताई काय खातात?”

माझ्या डब्यात काय असतं ते मला रोजचं रोज सांगता आलं असतं. ताईला जेवताना मी शेवटचं कधी पाहिलं, ते आठवेना. डॉक्टरनं वही माझ्यासमोर सरकवली आणि डाव्या पानावर बोट ठेवलं.

“हे माप कुणाचं आहे, काका? तारखा त्याच दिसतात.”

माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. कंबर, एक इंच आत. एक इंच आत. एक इंच आत. एक इंच आत. आणि पान उलटलं तर मागे मी स्वतः होतो, अर्धा इंच सोडला, अर्धा इंच सोडला. आमच्या तिघांच्या घरात तीन महिने काय चाललं होतं ते मी ओळीनं लिहून ठेवलं होतं. वाचायचं तेवढं राहिलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी डॉक्टरचे आभारही न मानता, मांजराला कोटाच्या आत छातीशी धरून, रस्त्यानं अक्षरशः पळत सुटलो. छप्पन्न वर्षांचा, दोनदा सोडलेल्या पॅन्टीतला माणूस पळताना कसा दिसतो ते चष्मेवाल्यानं मला नंतर करून दाखवलं.

ताई टेबलाशी बसली होती. पुढ्यात कप होता, त्यात कोमट पातळ सूप. बाजूच्या बशीतही तेच, मखमलसाठी.

“जेवलीस?” मी विचारलं.

“हो, आमचं झालं. काय म्हणाली डॉक्टर?”

मी पाव कापला आणि एक तुकडा तिच्यासमोर ठेवला. “हा खा.”

तिनं तो हातात घेतला. बोटांनी कुस्करला. मग परत बशीत ठेवला. “उतरत नाही रे,” ती म्हणाली. “इथं अडकतं.” आणि तिनं छातीच्या मधोमध, कोटाच्या दुसऱ्या बटणावर, हात ठेवला.

“कधीपासून?”

“थंडी सुरू झाली तेव्हापासून. आधी कोंबडी अडकायची, मग पाव. मग वाटलं, आपल्याला खाता येत नाही तर वाया कशाला, तुझ्या डब्यात जाऊ दे. हिला वेगळं शिजवायला हवं होतं, कळत होतं मला. पण त्या वासानंसुद्धा नको व्हायचं.”

मला राग आला. तिचा नाही, पण निघाला तिच्यावरच. “मला सांगायचं नाही? एका घरात राहतो आपण. तोंडानं बोलायला काय झालं होतं?”

ताईनं मांजराला मांडीवर घेतलं.

“चारदा आले होते की सांगायला,” ती म्हणाली. “कोट घेऊन. तोंडानं म्हणायची भीती वाटायची. म्हटलं की खरं होतं. वाटलं, हा मापं घेतो, याला बरोबर दिसेल. हात वर करून उभी राहायचे तुझ्यासमोर. तू टेप लावायचास, आकडा लिहायचास, आणि म्हणायचास, कापड सैल पडलं. मग मलाही वाटायचं, असेल बाई, कापडच असेल. बरं वाटायचं तेवढ्यापुरतं.”

मी तिचा मफलर शोधला, दुकानाला कुलूप लावलं आणि तिला दवाखान्यात घेऊन गेलो.

तिथं त्यांनी नळी घालून पाहिलं. अन्ननलिका एका जागी आकसली होती. बोरू जाईल एवढीच वाट उरली होती, असं डॉक्टर म्हणाले. तिथला एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवस थांबायला सांगितलं. त्या आठ दिवसांत ताई दवाखान्यात आणि मी घरात मांजरापुढे उकडलेली कोंबडी धरून जमिनीवर. ती माझ्या हातून खाईना. मी गोंजारलं, हात जोडले, एकदा तर ताईच्या आवाजात बोलूनही पाहिलं. शेवटी ताईचा राखाडी कोट अंगावर घेऊन बसलो तेव्हा तिनं पहिला घास घेतला. तो कोट मला खांद्यात अगदीच तंग होता. घास भरवताना माझे डोळे भरून आले होते आणि मी तिला सांगत होतो, खा गं बाई, तू तरी खा, ती आली की मला विचारेल.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. वाईट काही निघालं नव्हतं. जुनी जळजळ होऊन होऊन तिथं व्रण धरला होता, तो भाग ताणून मोकळा करता येणार होता. “आणखी महिनाभर थांबला असतात तर पाणीही उतरलं नसतं,” ते म्हणाले. “वेळेवर लक्षात आलं तुमच्या.” मी मान हलवली. खरं म्हणजे ते आलं होतं एका मांजराच्या आणि एका अनोळखी मुलीच्या लक्षात, पण त्यांना कुठं सगळं सांगत बसा.

कापडवाल्याची माफी मागायला गेलो. चार गिऱ्हाइकं दुकानात येईपर्यंत बाहेर थांबलो, कारण अपमान चौघांसमोर केला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “ताई कशा आहेत आता?” धोब्याकडेही जायचं होतं, ते अजून राहिलंय.

आता संध्याकाळी टेबलावर तीन ताटं असतात. ताई जेवत असताना मी समोर बसून तिच्या घासाकडे टक लावून बघतो. ती वैतागते. “काय बघतोस? टेप लाव एकदा गळ्याला,” म्हणते. मखमल पूर्वीसारखी इस्त्रीच्या टेबलावर उडी मारते. परवा तिनं एका वकिलाच्या क्रीम रंगाच्या अस्तरावर नवा छाप उठवला. मी तो नीट मोजला. आधीच्या छापापेक्षा रुंद भरला.

गेल्या रविवारी ताई कोट घालून खाली आली. मी उसवलेल्या बाहीत मान घालून बसलो होतो.

“बघ रे जरा,” ती म्हणाली, “कंबरेला आवळतोय. कापड आटलं वाटतं.”

मी उठलो. चष्मा लावला. तिला उजेडात उभं केलं आणि आधी नीट तोंडाकडे पाहिलं, मग मानेकडे, मग हातांकडे. टेप अजून खिशातच होता.

“कापडाला काही झालेलं नाही,” मी म्हटलं. “हात वर कर.”